उजव्या कोपऱ्याचा अहवाल

फोन आला तेव्हा मी मैदानावर फक्कीच्या रेषा मारून घेत होते. नांदेडच्या एका मुलींच्या कॉलेजात मी शारीरिक शिक्षण शिकवते. त्याआधी बरीच वर्षं कबड्डी खेळले, तीही सगळी पकडीत. फोनवर माझी तेव्हाचीच मैत्रीण होती. जिल्ह्याच्या संघात आम्ही दोघी हातात हात धरून शेजारीशेजारी उभ्या राहायचो. आता ती टीव्हीवरच्या लीगमधल्या एका संघासाठी नवे खेळाडू शोधते.

"तीन पोरं बघायचीत," ती म्हणाली. "तिघंबी कॉलेजातले, तिघंबी पकडीतले. लिलावाच्या आधी मला एकेकावर एक पान लिहून दे."

"तुमच्याकडं एवढे कॅमेरे असताना मी कशाला?"

"कॅमेरा चढाईवाल्याच्या मागं पळतो गं. बाकीचे सात काय करून राहिलेत ते कुणी दाखवत न्हाई. आन तुझं कॉलेज मुलींचं. तुझा कुणी त्यात न्हाई, म्हणून तुलाच."

मी लगेच हो म्हटलं. एवढी वर्षं खेळले, पण सामना संपल्यावर लोक विचारायचे ते चढाई कुणी केली एवढंच. पकडीत उभं राहून मला काय दिसलं, हे कुणी विचारलं नव्हतं. आता कुणीतरी फक्त तेवढंच बघायला सांगत होतं.

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा त्या वर्षी नांदेडलाच होत्या. पत्र्याच्या हॉलमध्ये मॅट अंथरली होती. पाहुण्यांच्या खुर्च्यांत न बसता मी मागच्या रेषेपलीकडं एका बाकावर बसले. मागून पाहिलं की पकडीवाल्यांचे पाय दिसतात आणि चढाई करणाऱ्याचं तोंड दिसतं.

पहिला मुलगा नांदेडचाच, डावा कोपरा सांभाळणारा. घोट्यावर त्याचा हात पडला की समोरच्याची सुटका नव्हती. पण पकड झाली की तो आधी प्रेक्षकांकडं बघायचा, आणि पुढची चढाई सुरू झालेली असायची. दुसरा मधल्या फळीतला, अंगानं दांडगा. चढाईवाल्याला खांदा लावून रेषेबाहेर फेकायचा. जेवणाच्या सुट्टीत तो हॉलच्या पायऱ्या उतरताना मी पाहिला. प्रत्येक पायरीवर डावा पाय आधी टेकवत, तिरका उतरत होता. गुडघा दुखत असणार. मी वहीत तसं लिहिलं.

तिसऱ्यापाशी मात्र मी अडले. लातूरच्या एका कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होता, घर जळकोटला. उजवा कोपरा. कोपऱ्यावरच्या गड्याच्या मानानं अंगानं किरकोळ. चढाईवाला अजून आत येतोय, परत फिरलेलाही नाही, तोच हा झेपावायचा. कधी ते इतकं नेमकं बसायचं की समोरचा वळला की त्याचा घोटा आपोआप याच्या हातात यायचा. कधी हा एकटाच पुढं जायचा, बाकीचे जागेवर उभे आणि गुण समोरच्याला.

मी त्याच्या सरांना विचारलं.

"घाईचा हाय, मॅडम," ते म्हणाले. "किती येळा सांगितलं थांब म्हणून. ऐकतच न्हाई."

एका ओळीत निकाल लागला असता. पण मला ते पटेना. घाईचा माणूस सगळीकडं घाई करतो. हा काही चढायांना शेवटपर्यंत खांबासारखा उभा राहिलेला मी पाहिला होता. त्याच्या मित्रांनी फोनवर काढलेले व्हिडिओ मी मागून घेतले आणि आठवडाभर मधल्या सुट्टीत तेच बघत बसले. हळू करून, थांबवून, मागं नेऊन. माझ्या मुलीही खुर्च्या ओढून बसायच्या. "मॅडम, त्याला आधीच कळायलंय," एकीनं म्हटलं. पण कशावरून, ते तिलाही सांगता येईना.

अहवालात घरच्यांची संमती असा एक रकाना होता. तेवढं निमित्त मला पुरेसं होतं. रविवारी मी कंधारकडून जाणारी एसटी धरली आणि जळकोटला उतरले.

त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान, मागं घर. कपाळावर विभूती लावलेले वडील गल्ल्यावरून उठून पुढं आले. "या, शरणार्थी," त्यांनी लिंगायतांच्या रीतीनं हात जोडून नमस्कार केला. "खेळ बघायसाठी एवढ्या लांब आलाव?" आणि मी बसायच्या आत त्यांनी स्वतःचा प्रश्न काढला, "मॅडम, मला येक सांगा. चढाई करणाराचं नाव पेपरात येतंय. ह्यो नुसता उभा राहून पाय धरतोय. ह्याला कोण कशाला नेईल?"

मी म्हटलं, तेच शोधायला आलेय.

मुलगा बाजेवर बसला होता, लाजून खाली बघत. आईनं भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा सुशीला आणि चहा आणला. ती स्वयंपाकघरातून आली तेव्हा त्याच्या डाव्या बाजूला होती, पण बाजेला वळसा घालून उजवीकडं गेली आणि मग विचारलं, "अजून घेतोस का?" मी काही मनावर घेतलं नाही. थोड्या वेळानं पाण्याचा तांब्या घेऊन आली, पुन्हा तोच वळसा. मग दुकानातून वडिलांनी हाक मारली. दुकान त्याच्या डावीकडं. त्यानं मानही वर केली नाही. आईनं खांद्याला हात लावला तेव्हा उठला.

निघताना तो मला सोडायला आला. मी मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूनं चालत होते. बारक्या आवाजात विचारलं, "कोणता कान?" तो चालत राहिला. मी उजवीकडं गेले आणि तेच विचारलं. तो जागेवर थांबला.

"आईनं सांगितलं?"

"नाही. आईनं फक्त पाणी दिलं."

त्यानं चपलेनं एक खडा ढकलला. "डावा. लहानपणी फुटायचा. आता त्यातून काईच येत न्हाई. सरांना ठाऊक न्हाई. संघात कुणालाच न्हाई." मग एकदम म्हणाला, "मॅडम, लिव्हू नका."

"ते नंतर बघू. आधी हे सांग, तू कधी निघायचं हे ठरवतोस कशावरून?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता. "पोटावरून," तो म्हणाला.

बाजूलाच शाळेचं मैदान होतं, सुट्टीमुळं रिकामं. मी पिशवी ओट्यावर ठेवली, ओढणी कमरेला बांधली आणि त्याच्यावर चढाई केली. पन्नाशीला आलेली बाई 'कबड्डी कबड्डी' करत नाचतेय म्हणून रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली. तो फक्त माझ्या पोटाकडं बघत होता. "आता," तो म्हणाला, आणि पुढच्या क्षणी मी वळले. पुन्हा गेले. "आता." पुन्हा बरोबर. चार-पाच वेळा तसंच झालं.

"परत फिरायच्या आधी पोट आत जातंय बगा," तो सांगत होता. "माणसाला सोताला बी कळत न्हाई. पोट आत गेलं की मग टाच उचलतीय."

मग मी ठरवून पोट घट्ट धरलं आणि तशीच वळले. तो फसला, आणि हसला. "हाव, असं केलं की मी फसतो."

मला आणखी एक शंका होती. उजव्या कोपऱ्यावर उभं राहिलं की सगळा संघ डाव्या हाताला येतो, म्हणजे नेमका त्याच्या बंद कानाकडं. डाव्या कोपऱ्यावर गेला तर सगळ्यांचं ऐकू येईल. मग तिकडं का खेळत नाही?

"खेळून बघितलं की. तिकडं सगळे वरडतात ते ऐकू येतंय. थांब, जा, आला, गेला. ऐकू आलं की मी वाट बघतो. मग उशीर होतोय. इकडं काई ऐकू येत न्हाई म्हणून बघावं लागतंय."

परतीच्या एसटीत मी फोनवर ते व्हिडिओ पुन्हा काढले. यावेळी मी त्याला सोडून शेजारच्या गड्याचं तोंड बघत होते. मुलगा एकटा पुढं जाऊन फसला होता, त्यातल्या बहुतेक वेळी शेजारच्याचं तोंड उघडं होतं. तो "थांब" म्हणून ओरडत होता. सर म्हणाले होते ऐकतच नाही, आणि ते अगदी खरं बोलले होते.

पुढची फेरी लातूरला होती. मी आदल्या दिवशीच गेले. मुलाला म्हटलं, शेजारच्याला तरी सांग, बाकी कुणाला नको. त्यानं रात्रभर विचार करून सकाळी सांगितलं. तो शेजारी उजव्या मधल्या जागेवर खेळायचा, उदगीरचा, बोलका. आधी रागावलाच. "दोन वर्षं मी वरडून वरडून घसा बसवून घेतला की रे!" मग मी त्यांना आमची जुनी रीत दाखवली. मैत्रीण आणि मी साखळीत हात धरून उभ्या असायचो तेव्हा बोलायचोच नाही. एकदा हात दाबला की थांब, दोनदा दाबला की मी येतेय.

पहिल्या सामन्यात सगळा गोंधळ झाला. एकदा दाबला की दोनदा, हेच त्यांना कळेना. हात दाबायच्या नादात दोघंही उभेच राहिले आणि अख्खा संघ बाद होऊन लोण चढलं. त्यांचे सर माझ्याकडं असे बघत होते, की मी बाकावरून उठून जावं की काय असं वाटलं. दुपारच्या सामन्यात हात बसला. चढाईवाला उजव्या बाजूनं आत शिरला, मुलगा झेपावायच्या बेतात होता, शेजाऱ्यानं हात दाबला आणि तो थांबला. मग समोरच्याचं वळणं, याचं खाली जाणं, शेजाऱ्याचा खांदा. तिघंही मॅटवर एका ढिगात. सरांनी मला नंतर चहा पाजला. काय केलं ते विचारलं. मी म्हटलं, त्यालाच विचारा. त्यानं संध्याकाळी सरांना सांगून टाकलं.

राहिला अहवाल. नियमात कानाचं काही आड येत नव्हतं, मी चौकशी केली होती. पण कागदावर कानाचं आलं की वाचणारा पुढचं वाचेल का, याची खात्री नव्हती. न लिहावं तर उद्या ज्या संघात तो जाईल तिथला शेजारी पुन्हा ओरडत बसेल, आणि हा घाईचा म्हणून बाहेर बसेल. मी त्याला फोन केला आणि दोन्ही बाजू सांगितल्या.

"लिव्हा," तो म्हणाला. "पण पुढचं बी लिव्हा. हाताचं आन पोटाचं."

मी तसंच लिहिलं. एका पानाचं दीड पान झालं.

लिलावात नांदेडच्या डाव्या कोपऱ्याला एका संघानं घेतलं. दांडग्याला गुडघ्याचे उपचार करून पुढच्या वर्षी ये म्हणाले. जळकोटच्या मुलाचं नाव निघालंच नाही. मैत्रिणीनं फोन केला. "कानाची ओळ वाचली आन वरच्यांनी पान बाजूला ठेवलं. ती ओळ न्हाई लिहिली असती तर चाललं असतं गं." दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मीच त्याला फोन केला. तो लॅबमध्ये होता. "मॅडम, लिव्हा म्हणलं ते मीच म्हणलं," एवढंच बोलला आणि प्रॅक्टिकल आहे म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर काही महिन्यांनी मैत्रिणीच्या संघाचे प्रशिक्षक बदलले. नवे स्वतः कधीकाळी कोपऱ्यावर खेळलेले. त्यांनी बाजूला ठेवलेली पानं वाचायला मागितली, आणि या मुलाला सरावाला बोलावलं. फक्त सरावाला, चढाईवाल्यांच्या समोर उभं करायला. तिथून त्यानं आनंदानं फोन केला. "इथले शर्ट अंगाला चिकटलेले असतात, मॅडम. पोट सगळं दिसतंय!"

वर्षभर तो सरावातच राहिला. पुढच्या हंगामात त्यांचा उजवा कोपरा जखमी झाला आणि एका संध्याकाळी हा मॅटवर उतरला. मी हॉस्टेलच्या मेसमध्ये मुलींबरोबर टीव्हीसमोर बसले होते. पहिल्याच चढाईला तो गेला आणि साफ फसला. चढाईवाला त्याच्या अंगावरून उडी मारून परत गेला. मुली हळहळल्या. पुढच्या दोन चढायांना तो हलला नाही. तिसरीला त्यानं घोटा धरला तो सोडलाच नाही. मेसमधल्या मावशीसुद्धा पोळ्या सोडून बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. मला वाटलं पकडीचं सांगेल.

"मॅडम, ती पहिली चढाई. त्यानं पोट घट्ट धरलं नव्हतं. आत गेलतं, मी बघितलं. मग तो लगेच का वळला न्हाई?"

मी म्हटलं, मलाही ते कळलं नाही. त्यानं त्या चढाईचा व्हिडिओ पाठवला. आम्ही दोघं दोन टोकांना फोन धरून अर्धा तास तीच चढाई मागं-पुढं करत बसलो. तो म्हणत होता खांद्यात काहीतरी आहे. मला वाटतंय डोळ्यात. अजून आमचं ठरलेलं नाही.