घामाची चव

जुमाकादिर शर्यतीचे घोडे तयार करायचा. घोड्याला झूल घालून दमेपर्यंत पळवायचा, मग हाडाच्या पट्टीने त्याचा घाम निपटायचा आणि बोटावर घेऊन जिभेला लावायचा. घाम दाट आणि खारट असला तर घोडा कच्चा. पाण्यासारखा पातळ झाला की तयार. आमच्या चुई खोऱ्यात त्याच्या जिभेवर सगळ्यांचा भरवसा.

त्या ऑगस्टमध्ये त्याने तांबड्या नावाच्या घोड्याचा घाम चाखला आणि लगेच थुंकला. कडू! पट्टीवर हिरवट चीक होता. टेकडीमागे रानभांग माणसाहून उंच माजते. घामेजलेला उघडा घोडा तिच्यातून पळवला की चीक अंगाला चिकटतो; तो खरवडला की चरस. हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे.

घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार मेलिस बादली घेऊन आला. जुमाकादिरने काही विचारलंच नाही. चाबकाची मूठ थेट त्याच्या तोंडावर बसली. दोन दात बादलीत पडले.

"माझा घोडा भांगेत घातलास?"

"मी नाही हो, जुमाके!" मेलिस त्याला आदराच्या नावाने हाक मारत, रक्त थुंकत म्हणाला. "मला खोगिरावर धड बसता येत नाही, उघड्या पाठीवर कुठला बसतोय? घरात विचारा!"

घरात जुमाकादिरची नात होती. उमसुनाय, पंधरा वर्षांची. आईबाप मॉस्कोला कामाला गेलेले. ती दारातच उभी होती.

"मीच नेला. त्याला कशाला मारता?"

मग चाबूक तिच्यावर चालला. मी त्यांची शेजारीण, कुंपणाअलीकडून ओरडत होते, "अहो, पोर आहे ती!" सदरा फाटला, पाठ फाटली. उमसुनाय मात्र हसत होती.

"मारा अजून, आजोबा. हिवाळ्यापासून ओढतेय. मला आता काहीच लागत नाही."

उगारलेला चाबूक वरच राहिला.

संध्याकाळी उमसुनायकडून चरस विकत न्यायला गाडीवाला आला. तिने लपवलेला चरसचा गोळा म्हाताऱ्याने चुलीत टाकला, हे ऐकताच त्याने उमसुनायचे केस धरले आणि तिचं डोकं गाडीच्या पत्र्यावर आपटलं. जुमाकादिर त्याच्यावर तुटून पडला, दातांनी त्याचा कान फाडला. गाडीवाल्याने खुंटीवरची लोखंडी रिकीब वादीने गरगर फिरवली आणि त्याच्या जबड्यावर हाणली. मेलिस फावडं घेऊन धावला, तेव्हा गाडीवाला पळाला.

जुमाकादिरचा जबडा मोडला होता. दातांत सापडून जीभ अर्धी तुटली होती. टाके पडले, पण चव गेली.

इस्पितळातून आल्यावर जुमाकादिरने तांबड्याला पळवलं, घाम निपटला आणि पट्टी नातीपुढे धरली.

तिने चाखलं. "काही कळत नाही. धुराने जिभेचं लाकूड झालंय."

"मग नको ओढूस," तो बोबडं बोलला. "माझी जीभ मेली. आता तुझीच उरली."

इतकं ते सोपं नव्हतं. तिला झोप येईना, अन्न पोटात ठरेना, अंगाला दरदरून घाम सुटायचा. एका दुपारी तिने बाहेरून लावलेल्या दाराची फळी तोडली, आडव्या आलेल्या आजोबाच्या मनगटाचा लचका तोडला आणि टेकडीमागे पळाली. चाबूक खुंटीवर होता. तो तिथेच ठेवून जुमाकादिर तिच्यामागे गेला आणि भांगेच्या कडेला उन्हात बसून राहिला. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"मारणार नाही?"

"मारून बघितलं. चल, घोडा पळवायचाय."

ज्या शर्यतीसाठी तांबड्याला तयार करत होते, ती तोवर होऊन गेली होती. तरी तो रोज तांबड्याला पळवायचा, रोज पट्टी पुढे धरायचा. रोज ती मान हलवायची.

"जुमाके, शर्यत तर संपली," मेलिस कुरकुरला. "आता काय हा घोडा माझ्या दातांसाठी पळतोय?"

जुमाकादिरने मेलिसच्या नजरेला नजर दिली नाही.

दंव गोठून टेकडीमागची भांग काळी पडली, त्या सकाळी उमसुनायने बोट चाटलं. पुन्हा चाटलं.

"पातळ आहे. पाण्यासारखं," ती म्हणाली. "पण थांबा... शेवटी जरासं खारट आहे."

मेलिसने तांबड्याच्या मानेवर थाप मारली. "म्हणजे तयार झाला की!"

"अजून नाही," जुमाकादिर म्हणाला आणि हाडाची पट्टी त्याने नातीच्या हातात ठेवली. "खारट आहे म्हणतेय ना ती. उद्या परत पळवू."