दोन छेद पाचची लढाई

माझं गणित पक्कं आहे, असं आमच्या घरात माझ्याशिवाय कोणीच कधी म्हटलेलं नाही.

तरी मिनूला, म्हणजे पाचवीतल्या आमच्या मुलीला, अपूर्णांक मीच शिकवले. एक छेद दोन अधिक एक छेद तीन? सोपं! वरचे वर मिळवा, खालचे खाली मिळवा. दोन छेद पाच! (इतकी सुटसुटीत रीत पुस्तकात का देत नाहीत, याचा मला तेव्हाच राग आला होता.)

चाचणीत मिनूला दहापैकी शून्य! तिनं दप्तर सोफ्यावर आपटलं.

"सगळे हसून राहिले होते मले! तुम्हीच शिकवलं होतं ना, बाबा?"

"रीत बरोबर आहे!" मी गरजलो. "तुह्या मॅडमलेच येत नसन!"

"अवो, आधी पुस्तक तर पाहा," बायको म्हणाली.

"पुस्तक काय पाहू? कळमन्याच्या बाजारात रोज संत्र्यांचे ढीग मोजतो मी!" (मोजतात दिवाणजी. मी बाजूला उभा राहून ओरडतो.)

दुसऱ्या दिवशी आमच्या नंदनवन वस्तीतून शाळेकडे स्कूटर अशी हाणली, की रस्त्यातल्या गाईसुद्धा बाजूला झाल्या. तास सुरू होता. मी सरळ वर्गात!

"माह्या पोरीले शून्य काहून दिलं?"

मॅडम असतील चोवीस-पंचवीसच्या. त्यांनी शांतपणे खडू ठेवला. (समोरचा शांत राहिला की माझा राग दुप्पट होतो.)

"बसा, काका."

काका! "मी उभाच राहीन!"

"बरं. मिनूला तुम्ही अर्धं संत्रं दिलं. वरून अजून एक तृतीयांश दिलं. आता तिच्याजवळ अर्ध्याहून जास्त झालं की कमी?"

"जास्त! हे काय विचारणं झालं?"

"आणि एका संत्र्याचे पाच सारखे भाग करून त्यातले दोनच दिले, तर?"

"तर अर्ध्याहून क..."

पहिल्या बाकावरची एक चिमुरडी ओरडली, "म्हणजे काकांनी अजून दिलं आन् कमीच झालं!"

अख्खा वर्ग खिदळला. माझा राग होता तेवढाच होता, फक्त तो कोणावर काढायचा ते कळेना! मिनू लालबुंद होऊन उभी राहिली.

"बाबा, घरी जा!"

"सोमवारी मी तिची परत चाचणी घेते," मॅडम म्हणाल्या. "फक्त एक करा, काका. तिला शिकवू नका."

मिनूनं आईजवळ बसून छेद सारखे करायला शिकून घेतलं आणि नऊ गुण आणले. मी अभिनंदन केलं, तर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

आता ती सातवीत आहे आणि रोज संध्याकाळी मलाच शिकवते. काल वर्गमूळ निघालं. सोळाचं वर्गमूळ मी ठणकावून आठ सांगितलं. तिनं टेबलावर पट्टी आपटली.

"चार चोक सोळा! तीनदा सांगितलं! लक्ष कुठं असते तुमचं?"

एवढा अपमान! मीही ताडकन उठलो आणि ओरडलो, "थांब, सांगतोच तुह्या बापाले!"