दणकट गाडी, पातळ गाडी

सासूबाईंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीनदा पनवेलला डायलिसिससाठी जाणं सुरू झालं. नवऱ्याची खोपोलीच्या कारखान्यात शिफ्टची नोकरी, त्यामुळे गाडी चालवायची मीच. लायसन्स काढून जेमतेम वर्ष झालेलं. आमच्या कडाव गावाहून पनवेलपर्यंत बसने ये-जा करण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. म्हणून सेकंडहँड गाडी घ्यायचं ठरलं, आणि घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता.

नवरा म्हणायचा, "पत्रा दणकट पाहिजे." तशी एक गाडी त्याने हेरलीही होती. खोपोलीच्या रस्त्यावर एका अपघातात ट्रेलरखाली चेपलेली छोटी कार त्याने पाहिली होती. त्या दिवशी तो जेवला नव्हता. मला मात्र वेगळीच धास्ती होती. वाटेत गाडी बंद पडली तर?

मी नाक्यावरच्या गॅरेजवाल्या मेस्त्रींना विचारलं. हात पुसत ते म्हणाले, "वयनी, दादा म्हनतात ती गाडी मजबूत हाय, खोटं नाय. पन बिघडली का माझ्या हातात काय नाय. लॅपटॉप लावल्याबिगर ती बोलतच नाय, आन पार्ट यायला आठ-आठ दिवस. ती दुसऱ्या कंपनीची बारकी गाडी घ्या. तिचा पार्ट पोशीरला काय, नेरळला काय, कुठंबी गावतो. फक्त पत्रा पातळ. बोटानं दाबला तर दबतो."

आम्ही दणकट घेतली. चेपलेल्या गाडीची गोष्ट निघाली की माझी धास्ती मागे पडायची.

पाच महिने ती छान चालली. मग ऑगस्टमध्ये सासूबाईंना ताप आला आणि गुरुवारची डायलिसिसची पाळी चुकली. शनिवारी सकाळी निघालो तेव्हा त्यांचा चेहरा सुजला होता, पाय खांबासारखे झाले होते. पाठ टेकवली की धाप लागायची, म्हणून पुढच्या सीटवर वाकून बसल्या होत्या. कर्जत मागे पडलं, आणि चौक गाव पाच-सहा किलोमीटरवर असताना डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. पाय दाबला तरी गाडी वेग घेईना. मग एक हिसका बसला आणि ती बंदच पडली.

किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. काही नाही.

मेस्त्रींना फोन केला. "सेन्सर असंल. कंपनीतच न्यावी लागंल, वयनी. मी येऊन काय करनार?" कंपनीच्या मदत क्रमांकावरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, दोन तासांत माणूस येईल. दोन तास! मी सासूबाईंकडे पाहिलं. ओठ निळसर झाले होते. श्वास घेताना बारीक घरघर ऐकू येत होती, पाण्यात नळी बुडवून फुंकावं तशी.

"गं बाय, पोचू ना आपुन?" त्यांनी विचारलं.

"पोचू," मी म्हणाले आणि रस्त्याच्या मध्यात जाऊन उभी राहिले. दोन गाड्या मला वळसा घालून गेल्या. तिसरी थांबली. मेस्त्रींनी सांगितलेल्याच कंपनीची जुनाट, पांढरी, छोटी कार. चालवणारा एक दूधवाला. मागची सीट काढून त्याने कॅन ठेवले होते आणि मागचं दार आतून दोरीने बांधलं होतं. त्याने काही न विचारता सासूबाईंना उचलून पुढे बसवलं. मी कॅनच्या मधे उकिडवी बसले.

"धा-बारा वर्सं झाली ताई, कदी रस्त्यात उबी नाय रायली," तो म्हणाला.

चौकला आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंनी ट्रेलर. एकेक जवळून गेला की गाडीचा सगळा पत्रा थरथरायचा, कॅन एकमेकांवर आपटायचे. दोरीने बांधलेल्या दाराच्या फटीतून मला ट्रेलरचं चाक दिसत होतं, माझ्या खांद्याएवढं उंच. मी कॅनचं कडं धरून बसले. एका बाजूला ते चाक, दुसऱ्या बाजूला ती घरघर. कशाची भीती जास्त वाटत होती, आजही सांगता येणार नाही.

पोहोचलो. सिस्टरने मशीन लावता लावता मला फैलावर घेतलं. "अजून तासभर उशीर केला असता ना, तर..." चार तासांनी सासूबाईंनी चहा मागितला, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. बाहेर आले तर दूधवाला केव्हाच निघून गेला होता.

दणकट गाडी वर्कशॉपमध्ये नऊ दिवस पडून होती. परत आली तशी आम्ही ती विकली आणि पातळ पत्र्याची घेतली. नवऱ्याने हरकत घेतली नाही, पण शिफ्टमधून दर तासाला त्याचा फोन येऊ लागला.

दिवाळीनंतर एकदा पनवेलच्या वाटेवर शेडुंगजवळ एका ट्रेलरने बाजू दाबली. काडकन आवाज झाला आणि माझ्या उजव्या बाजूचा आरसा गायब. मी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढायचंही सुचेना. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. बरं झालं, झोपल्यात, असं मला वाटलं.

मेस्त्रींनी संध्याकाळी अर्ध्या तासात नवा आरसा बसवला. "बघा, लगेच पार्ट गावला का नाय?" ते खूश होऊन म्हणाले. मला हसू आलं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला जवळ बसवलं. "मी झोपली नवती गं," त्या म्हणाल्या. "चौक आला, ते ट्रेलर दिसले का मी डोळे मिटते. पयल्या दिवसापासून. तुला सांगितलं तर तुजा हात कापंल, म्हनून बोलली नाय."

मी त्यांचा हात धरला. नंतरच्या पाळीला चौक आल्यावर त्यांनी डोळे मिटले नाहीत. पनवेल येईपर्यंत माझ्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून त्या समोर बघत राहिल्या.