सुनंदाची लाइन महेशला

आज दुपारपासून संताप आवरत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्या कोकम सरबताच्या कारखान्यात मी हिशेब बघते. दरवर्षी सर्वांत जास्त विक्रीचा सत्कार आमचा विक्रेता महेश याचा होतो. तो रत्नागिरी शहरात दहा खोक्यांवर दोन फुकट देत सुटतो. सुनंदा संगमेश्वर-सावर्ड्याची लाइन, म्हणजे तिथली दुकानं, बघते. तिची विक्री निम्मी, पण ती फुकट काही वाटत नाही आणि तिचा माल परतही येत नाही.

यंदा मी तक्ता केला. प्रत्येकाच्या विक्रीतून मालाचा खर्च, सूट, गाडीभाडं, कमिशन आणि परत आलेल्या बाटल्या वजा केल्या. सुनंदाकडून कारखान्याला महेशच्या दुप्पट उरत होतं.

मालकांनी आज तो नीट वाचला. "बाई, डोळे उघडलेत माझे. सावर्डे लाइनला एवढं उरतं, तर तिथे महेशच हवा. सुनंदाला पॅकिंगमध्ये घेऊ."

"अहो, ते गावामुळे नाही, तिच्यामुळे उरतं!"

"कागदावर तर सावर्डेच लिहिलंय तुम्ही."

खरंच लिहिलं होतं. आमच्याकडे माणसांना लाइनीच्या नावानेच ओळखतात. मीही सवयीने रकान्यांवर गावंच घातली.

पॅकिंगला कमिशन नसतं. सुनंदा शांतपणे म्हणाली, "मॅडम, माझी निम्मी विक्रीच दाखवली असतीत, तर माझी दुकानं तरी राहिली असती."

यावर मी काय बोलायला हवं होतं? तुम्हाला सुचलं तर सांगा.