विहीणबाईंचा पहिला टोला

माझे यजमान फौजेतून निवृत्त होऊन मेढ्याला परतले, ते गोल्फच्या जुन्या काठ्यांची पिशवी खांद्यावर टाकूनच. छावणीत असताना त्यांना या खेळाचा नाद लागला होता. पाचगणीच्या अलीकडे एका पठारावर गोल्फचं खुलं मैदान आहे. सभासद व्हावं लागत नाही. थोडी फी भरली की कुणीही खेळावं. दर रविवारी आम्ही दोघं मोटारसायकलवरून तिथं जातो. मीही पन्नाशी उलटल्यावर तिथंच शिकले.

मागच्या हिवाळ्यात लेकीचे सासू-सासरे सांगलीहून आले. व्याह्यांनाही गोल्फचा शौक. ते दरवर्षी पाचगणीच्या एका मोठ्या रिसॉर्टवर उतरतात आणि तिथल्या हिरव्यागार मैदानावर खेळतात. आमच्याकडे चहाला आले तेव्हा आमच्या मैदानाचा विषय निघाला.

"ते होय! गाडीतून दिसतं की," ते म्हणाले. "मला वाटलं, गुरांचं कुरण आहे."

यजमान नुसते हसले. लेकीच्या सासऱ्यांना उलट बोलू नये म्हणतात, पण मला राहवेना. "दादा, गवत वाळलेलं असतं, खरंय. म्हशीही येतात. पण खेळल्याशिवाय नावं ठेवू नका. उद्या चला दोघंही."

"मी कशाला?" विहीणबाई म्हणाल्या. "मी आपली रिसॉर्टच्या व्हरांड्यात बसते दरवेळी."

"आमच्याकडं व्हरांडाच नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वारं भणाणत होतं. आमच्याकडं चेंडू घालायच्या भोकाभोवती हिरवळ नसते, तेल मिसळून चोपलेली वाळू असते. व्याही तिच्याकडं बघून भुवया उंचावत होते. त्यांनी पहिला टोला झकास मारला, पण वाऱ्यानं चेंडू अलगद उचलला आणि कडेच्या स्ट्रॉबेरीच्या शेतात नेऊन टाकला.

"आवं पावणं, तुमचं अंडं आमच्यात आलंय!" शेतातली बाई ओरडली. तिनं चेंडू दिला, वर ओंजळभर स्ट्रॉबेरी दिली. व्याही खळखळून हसले. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग यजमानांनी विहीणबाईंपुढं काठी धरली. "घ्या की ताई. हितं कोण बघतंय?"

त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, पदर खोचला आणि असा टोला हाणला की चेंडू सरळ रेषेत लांबवर गेला. आम्ही तिघंही बघत राहिलो.

"अगं, तू हे कधी शिकलीस?" व्याह्यांनी विचारलं.

"शिकायचं काय त्यात? लग्नाआधी गल्लीत विटीदांडू खेळायचे. गडी वाटताना पोरं मला आधी मागून घ्यायची."

त्यानंतर त्यांच्या हातून काठी सुटेना. काही टोले नुसतेच हवेत गेले, एकदा जमिनीचं ढेकूळच उडालं, तरी बाई थांबायला तयार नव्हत्या. व्याही स्वतःचा खेळ सोडून त्यांचे चेंडू शोधत फिरत होते. दुपारी रिसॉर्टचं जेवण राहूनच गेलं. आम्ही झाडाखाली बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. व्याही म्हणाले, "मैदान अवघड आहे हो तुमचं. वाऱ्याचा अंदाज घ्यायला डोकं लागतं." एवढ्यावर माझा राग पार निवळला.

यंदाही ते त्याच रिसॉर्टवर उतरले. पण दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी विहीणबाईंचा फोन आला, "निघालात का? माझं केव्हाच आवरलंय. ह्यांची अजून दाढीच चाललीय."