यंदाचा कॅचर

पद्मिनीला बेसबॉलचं कधीच वेड नव्हतं. पण मुलगा वीर कॅचर झाला, बॅटरच्या मागे उकिडवा बसून पिचरचे बॉल झेलू लागला आणि तिला तो खेळ शिकावाच लागला. नवरा अनिल म्हणायचा, "विकेटकीपरच ना शेवटी? मग अमेरिकेत कशाला आलो?" तो मॅचकडे फिरकायचाही नाही. फ्रिस्कोतली फार्मसीची नोकरी सांभाळून पद्मिनीच वीरला टेक्सासभर टुर्नामेंट्सना घेऊन हिंडली. भाजून काढणाऱ्या उन्हात घडीच्या खुर्चीवर बसून इतर आयांसारखी ओरडायलाही शिकली.

वीर अकरावीत असताना नागपूरला तिची आई अंथरुणाला खिळली. धाकट्या भावाचा, संजयचा फोन आला, "ताई, निघ लगेच. आई सारखी तुलाच विचारते आहे."

नेमकी त्याच आठवड्यात ह्यूस्टनची मोठी टुर्नामेंट होती. कॉलेजचे कोच मुलं हेरायला येणार होते. अनिल कामासाठी बाहेरगावी.

"सोमवारी निघते," ती म्हणाली. आई रविवारी गेली.

त्याच टुर्नामेंटमध्ये वीरला एका कॉलेजने उचललं. मैत्रिणी म्हणाल्या, पार्टी हवी. घरात सुतक होतं. संजय त्यानंतर तिच्याशी कामापुरतंच बोलू लागला.

कॉलेजात वीर तीन वर्षं राखीव खेळाडू म्हणून बेंचवर बसला. त्याच्या आधीचा कॅचर पास होऊन गेला, तेव्हा पद्मिनीने सुटकेचा निःश्वास टाकला. आता शेवटचं वर्ष, आता वीरच. जानेवारीत सीझन सुरू होण्याआधी टीमने पालकांना जेवायला बोलावलं. यंदा टीम कशी आहे ते कोच सांगणार होता. अनिलला कसंबसं तयार करून ती त्याला घेऊन गेली.

"पिचिंग भक्कम आहे," कोच म्हणाला. "आउटफील्डमधली पोरं नवीन आहेत, चुकतील, पण जीव तोडून पळतील. आणि कॅचरची तर मला काळजीच नाही."

पद्मिनी सावरून बसली.

"ओक्लाहोमाच्या कॉलेजातून एक जबरदस्त मुलगा ट्रान्सफर होऊन आलाय आपल्याकडे."

एक धिप्पाड मुलगा उभा राहिला. टाळ्या पडल्या. खेळाडूंच्या टेबलावर वीरही टाळ्या वाजवत होता.

जेवण झाल्यावर तिने कोचला गाठलंच. "आणि वीर?"

"वीर? ग्रेट किड! नव्या पिचरना तोच तर तयार करतो. असा मुलगा टीममध्ये हवाच," कोच म्हणाला आणि दुसऱ्या पालकांकडे वळला.

पार्किंगमध्ये तिने वीरला अडवलं. "तुला माहीत होतं?"

"सिन्स ऑक्टोबर."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"यू वुड हॅव कॉल्ड कोच. मॉम, आय ॲम ओके विथ इट. रिअली."

"तू ओके आहेस?" तिचा आवाज चढला. "तुझ्यासाठी मी माझ्या आईला शेवटचं बघितलं नाही, वीर!"

वीर तुटक मराठीत म्हणाला, "मी नव्हतो म्हणालो थांब. मी म्हणालो होतो, आजीकडे जा. तू म्हणालीस, टुर्नामेंट इम्पॉर्टंट आहे."

ते खरं होतं. अनिल गाडीला टेकून उभा होता. या वेळी त्याने टोमणाही मारला नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

फेब्रुवारीत पहिली मॅच झाली. ती एकटीच गेली. वीर दूर कोपऱ्यात, कुंपणापाशी, राखीव पिचरना सराव देत होता. एका पोराने चांगला बॉल टाकला तेव्हा त्याने हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. इतकं मोकळं हसताना तिने त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तो सुखात होता, आणि तिला ते सहन होईना. मॅच अर्ध्यावर सोडून ती गाडीत येऊन बसली. संजयचा नंबर लावला. भारतात पहाट असणार, हे रिंग वाजू लागल्यावर तिच्या लक्षात आलं.

"काय गं, सगळं ठीक?" संजय दचकून म्हणाला.

"हो. सहज केला."

"बरं," तो म्हणाला. तिला आईबद्दल विचारायचं होतं, पण तिने नागपूरच्या थंडीची चौकशी केली. थोड्या वेळाने त्यानेच फोन ठेवला.