बाबांकडून आलेले पाय

सुलेखा जर्मनीतल्या एर्लांगेनच्या एका वाचनालयात अर्धवेळ काम करायची. परत आलेली पुस्तकं ढकलगाडीवर चढवायची, कपाटांच्या रांगांमधून गाडी न्यायची आणि एकेक पुस्तक त्याच्या जागी बसवायचं. उंचीनं ती इतकी लहान, की वरच्या खणांसाठी तिला नेहमी लाकडी पायरी लागायची. पाय गुडघ्यांतून बाहेर वाकलेले. चालताना ती थोडी डुलायची आणि आपण डुलतो हे तिला ठाऊक होतं. सगळं गाव सायकलवर हिंडायचं, सुलेखा मात्र बसनं यायची. नवरा श्रीरंग तिथल्याच एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये होता. मुलगी ईप्सिता चौथीत. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं.

त्या उन्हाळ्यात सुलेखाची उजवी मांडी दुखायला लागली. पडली नव्हती, कुठे आपटली नव्हती. पायरीवर चढताना आत कुणीतरी बोट रुतवावं तसं दुखायचं. हाडं तिची कायमच दुखायची, म्हणून तिनं दोन महिने अंगावर काढले. शेवटी श्रीरंगनं परस्पर डॉक्टरांची टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घेतली. एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाला चीर दिसली. न पडता हाड चिरलं कसं, हे शोधताना रक्त तपासलं आणि मग तिला विद्यापीठाच्या इस्पितळात पाठवलं.

तिथल्या डॉक्टरबाई वयानं सुलेखाएवढ्याच. त्यांनी आधी तिचे पाय पाहिले, मग दात. दातांना सारखी गळवं होतात का, असं विचारलं. होतात, सुलेखा म्हणाली. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाचे पाय असे होते?"

सुलेखानं फोनमधला एक जुना फोटो काढून दाखवला. शाळेचं स्नेहसंमेलन, आणि कडेला पांढऱ्या लेंग्यात उभा असलेला बुटका माणूस.

"गेनाऊ," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. अगदी बरोबर.

तो माणूस म्हणजे सुलेखाचे वडील. पद्माकर सर कराडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. दोन्ही पाय बाहेर वाकलेले, म्हणून पोरं त्यांना मागून 'कंस सर' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. नव्या वर्गात पहिल्याच दिवशी ते फळ्यावर एक मोठा कंस काढायचे आणि म्हणायचे, "हा मी. आता दुसरा कंस कुणी काढायचा ते ठरवा आणि मधे काय लिहायचं तेही." पोरं हसायची आणि त्या वर्गात पुन्हा ते नाव कुणी घ्यायचं नाही. ते नेहमी स्टुलावर बसून शिकवत. उभं राहायला मला आवडत नाही, असं सांगत. चाळिशीतच त्यांचे बरेचसे दात गेले. पाठ अशी आखडली, की चपलेचा अंगठा बसवायलाही सुलेखाची आई, सुधाताई, खाली वाकायची. सुलेखा कॉलेजात असताना ते हृदयविकारानं गेले.

सुलेखाच्या पायांचा दोष मात्र कुणी त्यांच्याकडे दिला नव्हता. तो सुधाताईंनी आधीच स्वतःकडे घेऊन ठेवला होता. सुलेखा झाली आणि महिन्याभरातच त्यांना टायफॉइड झाला, दूध आटलं. पोर चालायला लागली ती वाकड्या पायांनी. डॉक्टरांनी मुडदूस म्हटलं. पुढे धाकटा भाऊ गौरांग झाला, तेव्हा आईची तब्येत ठणठणीत होती, दूध भरपूर होतं. तो वाढला ताडमाड आणि सरळ. आईला वेगळा पुरावा नकोच होता. तेव्हापासून ती सुलेखाला दूध पाजायची ते असं, की जणू आटलेलं सगळं भरून द्यायचं होतं. सकाळी दूध, संध्याकाळी दूध, नाचणीचं सत्त्व, उन्हात बसवून तेलाचं मालिश, कॅल्शियमच्या खडूसारख्या गोळ्या. मिरजेला ऑपरेशन करून पायांची हाडं कापून सरळ केली, ती पुढे पुन्हा वाकली; पण तेव्हा आई खाटेशी बसून पुन्हा पुन्हा एकच म्हणायची, "माझ्यामुळं गं बाई."

आता डॉक्टरबाई सांगत होत्या, की हे दुधाचं नाहीच. सुलेखाच्या शरीरातलं फॉस्फेट मूत्रपिंडं धरून ठेवत नाहीत, ते लघवीवाटे निघून जातं. हाड भरायला कॅल्शियम लागतं तसंच फॉस्फेटही लागतं. ते नसेल तर कितीही दूध प्या, हाड मऊच राहणार. आणि हे जन्मतः येतं. वडिलांना असलं तर प्रत्येक मुलीला येतं, मुलाला त्यांच्याकडून येत नाही.

सुलेखाला गौरांगचे सरळ पाय आठवले. मग ईप्सिताचे, आणि तिनं लगेच मुलीचं विचारलं. ईप्सिताचं रक्त तपासलं, पुढच्या आठवड्यात अहवाल आला. तिचं सगळं व्यवस्थित होतं. त्या दिवशी सुलेखा स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली आणि श्रीरंगला म्हणाली, "हे बाबांना सांगायला हवं होतं रे." बाबांना जाऊन वीस वर्षं होत आली होती.

औषध साधंच होतं. पाण्यात टाकली की फसफसणारी फॉस्फेटची गोळी, दिवसातून चार वेळा, आणि सोबत ड जीवनसत्त्वाची एक खास कॅप्सूल. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. गोळी गिळायची नाही, ग्लासभर पाण्यात पूर्ण विरघळवायची, जेवणानंतर सावकाश प्यायची. एकदम जास्त घेतलं तर पोट बिघडतं आणि फॉस्फेट नुसतंच वाहून जातं, म्हणून थोडं थोडं, दिवसभर वाटून. कॅल्शियम, लोह किंवा आम्लपित्ताचं औषध त्याच्याबरोबर नाही. ठरलेल्या दिवशी रक्त आणि लघवी तपासायची. आणि चीर भरेपर्यंत कुबड्या, लांबचा प्रवास नाही.

सगळ्या बोलण्यातलं सुलेखाच्या कानात राहिलं ते एवढंच: प्रवास नाही. दिवाळीनंतर आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं आणि सुलेखाचं तिकीट काढलेलं होतं.

आईला तिनं हाडाला चीर गेल्याचं सांगितलं. बाबांचं सांगितलं नाही. सांगायला फोन हातात घ्यायची आणि भाजी काय केलीस, यावर बोलून ठेवून द्यायची. आईला सोडवायचं तर बाबांना अडकवायचं, असं ते होतं. आणि आईनं बाबांचं सगळं इतकं नीटनेटकं जपून ठेवलं होतं, की तिथे बोट लावायला मन होत नव्हतं.

आईनं तिकडून तिचं काम सुरू केलं. श्रीरंगचा एक सहकारी पुण्याहून परतत होता, त्याच्याबरोबर पार्सल आलं. डिंकाचे लाडू, नाचणीचं सत्त्व आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची भलीमोठी बाटली.

"रोज सकाळी दुधाबरोबर घे," आई फोनवर म्हणाली. "हाड चिरलंय म्हणजे कॅल्शियमच कमी. मला काय माहीत नाही?"

"घेते गं."

"तिथे कोण आहे तुला दूध द्यायला."

दुसऱ्या दिवशी तिनं दूध गरम केलं, आईची गोळी तोंडात टाकली आणि डोळे मिटले. कराडचं स्वयंपाकघर, पितळी पेला, आईचा ओला पदर. त्याच घाईत तिनं फॉस्फेटची गोळीही त्याच दुधात टाकली. पाणी काय नि दूध काय, असं मनाशी म्हणाली. पुढे तेच रोजचं झालं. डॉक्टरबाईंचे शब्द तिला आठवत नव्हते असं नाही. पण सकाळचे ते चार घोट तिला औषधापेक्षा जास्त हवे होते.

दिवाळी जवळ यायला लागली तशी तिची घालमेल वाढली. मांडीचं दुखणं जागचं हलेना. तेव्हा तिनं आणखी एक केलं. एकाच्या जागी दोन दोन गोळ्या विरघळवायला लागली. दुप्पट घेतलं तर चीर लवकर भरेल, तिकीट रद्द करावं लागणार नाही, एवढाच तिचा हिशेब. श्रीरंगला यातलं काहीच माहीत नव्हतं. थोड्याच दिवसांत तिचं पोट असं बिघडलं, की वाचनालयातून, जिथे कुबड्यांमुळे तिला आता बसून काम दिलं होतं, अर्ध्या दिवसानं घरी यावं लागलं. ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या यायला लागल्या.

गोळ्याही लवकर संपल्या. ती कुबड्या टेकत आपोटेकेत, औषधांच्या दुकानात, गेली. औषधं देणाऱ्या बाईंनी संगणकावर पाहिलं आणि विचारलं, इतक्या लवकर कशा संपल्या? सुलेखा गडबडली. त्या शांतपणे म्हणाल्या, "आणखी काय काय घेता?" सुलेखानं सांगितलं. दुधाचंही सांगितलं. त्यांनी नवीन गोळ्या दिल्या नाहीत. तिला खुर्चीवर बसवलं आणि थेट इस्पितळात फोन लावला.

डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी तिचं रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी श्रीरंगलाही बोलावलं. त्या रागावल्या नाहीत, पण आवाजात गोडवाही नव्हता. दुधातलं आणि गोळीतलं कॅल्शियम फॉस्फेटला पोटातच पकडतं, म्हणून त्यातलं पुष्कळसं वायाच गेलं. आणि दुप्पट डोसानं भलतंच झालं. गळ्यातल्या छोट्या ग्रंथी चवताळल्या होत्या, त्यांचं संप्रेरक खूप वाढलं होतं. लघवीत कॅल्शियमही वाढलं होतं. असंच चालू राहिलं असतं तर मूत्रपिंडात खडे धरले असते, मूत्रपिंडं कायमची बिघडली असती.

"तुम्हाला इतकी घाई कसली होती?" त्यांनी विचारलं.

"माझ्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे," सुलेखा म्हणाली. जर्मनमध्ये ते वाक्य फारच लहान वाटलं.

डॉक्टरबाईंनी अहवाल बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "हाड आपल्या चालीनं भरतं. त्याला गाडी पकडायची नसते."

कॅल्शियमची बाटली बंद झाली. डोस आधीपेक्षाही कमी झाला, आणि तो पाण्यातच, जेवणानंतर. दूध प्यायचं तर औषधाच्या मागेपुढे दोन तास सोडून. डोस कमी-जास्त करायचा तर तो डॉक्टरांनी, सुलेखानं नव्हे. घरी येताना बसमध्ये श्रीरंगनं तिच्या कुबड्या आपल्या मांडीवर घेतल्या. मग म्हणाला, "मला सांगायचं होतंस." एवढंच. आणि त्यानं तिकीट रद्द केलं.

आता आईला सांगणं भागच होतं. नाहीतर पुढच्या पार्सलमध्ये दुसरी बाटली आली असती. रविवारी दुपारी सुलेखानं फोन लावला. कराडला तेव्हा संध्याकाळ होती, आई देवापाशी दिवा लावून नुकतीच उठली होती.

"आई, त्या गोळ्या आता पाठवू नकोस. मला कॅल्शियम चालत नाही."

"असं कसं चालत नाही? हाडाला कॅल्शियमच लागतं."

मग सुलेखानं सगळं सांगितलं. मूत्रपिंडाचं, फॉस्फेटचं, मुलगी आणि मुलगा यांचं. गौरांगचं. बोलता बोलता तिला वाटलं, आपण फार भराभर बोलतोय, पण थांबता येईना. शेवटी म्हणाली, "तुझ्या दुधाचं काहीच नव्हतं, आई. दूध असतं तरी मी अशीच झाले असते. हे बाबांकडून आलंय."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"म्हणजे त्यांचे पायही..." आई म्हणाली.

"हो."

"मग त्यांनाही दुखत असणार."

"हो गं. फार दुखत असणार."

"मला कधी म्हणाले नाहीत." आईचा आवाज बारीक झाला होता. "बावीस वर्षांत एकदाही नाही. मी म्हणायची, आळशी आहात, चार पावलं बाजारात यायला नको तुम्हाला. हसायचे."

सुलेखाला वाटलं होतं, आई सुटेल. चाळीसएक वर्षांचं ओझं उतरेल. ते उतरलंही असेल, पण आईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आपल्या नवऱ्यासाठी रडत होती, आणि तिच्याजवळ बसायला त्या घरात कुणी नव्हतं. सुलेखा फोन धरून बसून राहिली. तिला वाटलं, आत्ता या क्षणी तिथे असायला हवं होतं. मध्ये एवढे समुद्र कशाला असतात.

ऑपरेशन गौरांगनं पुण्याला करून घेतलं. सुलेखानं डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली आई व्हिडिओवर पाहिली. हिवाळा लांबला. ती रोज चार वेळा ग्लासात गोळी फसफसताना बघत बसायची, आणि विरघळली की घोट घोट प्यायची, खारट, कंटाळवाणं पाणी. तपासण्या वेळच्या वेळी झाल्या. ग्रंथींचं संप्रेरक हळूहळू खाली आलं, मुंग्या गेल्या. मार्चमधल्या एक्स-रेमध्ये चिरेच्या जागी धूसर पांढरी रेघ दिसली. डॉक्टरबाईंनी ती बोटानं दाखवली आणि पहिल्यांदा हसल्या. पाय काही सरळ होणार नव्हते, ते सुलेखाला माहीत होतं.

ईस्टरच्या सुट्टीत ती एकटीच निघाली. गोळ्या हातातल्या पिशवीत, सोबत डॉक्टरांचं पत्र. विमानात जेवणानंतर तिनं पाणी मागून घेतलं आणि ताटातलं दही बाजूला सारलं.

कराडला पोचली तेव्हा आई दारातच होती. नव्या डोळ्यांनी तिनं लेकीकडे खाली-वर पाहिलं आणि म्हणाली, "किती पांढरे झालेत गं केस तुझे." जेवणं झाली. ताक आईनं पुढे केलं आणि स्वतःच मागे घेतलं. "तुझं ते पाणी घे आधी," म्हणाली.

दुपारी दोघी पंख्याखाली सतरंजीवर आडव्या झाल्या. बाहेर ऊन रणरणत होतं. सुलेखाला वाटलं, आईला झोप लागली.

"सुलू," आई छताकडे बघत म्हणाली, "त्यांना नेमकं कुठे दुखत असेल?"

सुलेखानं आईचा हात घेतला. तो हलका, कोरडा झाला होता. तिनं तो आपल्या मांडीवर ठेवला, मग गुडघ्याच्या आतल्या बाजूला, मग घोट्यावर, मग कुशीवर वळून कमरेच्या खाली.

"इथे," ती म्हणाली. "आणि इथे. सकाळी उठल्यावर जास्त."

आईनं हात काढून घेतला नाही. तळव्यानं ती तिथे हळूहळू चोळत राहिली, तेल नसलेल्या हातानं.